काचेवरची टिकली

चित्राच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, लाल टिकली होती. ती पाहिली आणि नूतन दारातच थबकली.

लाल टिकली लावली की चित्र विकलं गेलं, हे गॅलरीवाल्या चैत्रालीनेच तिला गेल्या रविवारी समजावलं होतं. बेलवलीत पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, एवढीच तिची गॅलरी. नूतन सहज म्हणून जिना चढली होती, आणि समोर भिंतीवर आई! तीस वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने त्यांची जुनी गल्ली रंगवली होती, आणि तिथे उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली आई चक्क हसत होती. आई जाऊन चार वर्षं झाली. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला, तोही फोटोग्राफरवर डाफरल्यासारखा. तरी ही शहाणी नूतन चैत्रालीला म्हणाली, "मिस्टरांना विचारते, पुढच्या रविवारी येते." मिस्टर तर ऐकताक्षणीच म्हणाले होते, "अगं, विचारायचं काय त्यात?"

"कोणी घेतलं हो?" नूतनला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

चैत्राली चष्मा लावून चित्राजवळ आली. "मी नाही लावली ही. काल माझा भाऊ बसला होता, त्यानेच दिलं असणार. थांबा हं, कॉल करते."

भावाचा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदाही तेच.

"सॉरी ताई. तुमचा नंबर तरी घ्यायला हवा होता मी."

नूतनला स्वतःचा इतका राग आला की डोळेच भरून आले. 'पुढच्या रविवारी येते गं,' असं ती सासरहून आईलाही फोनवर सांगायची. किती रविवार तसेच गेले होते.

तेवढ्यात केर-लादी करणाऱ्या अंजनीमावशी पदराला तोंड पुसत मोरीतून बाहेर आल्या. सरळ चित्रापाशी गेल्या, काचेवरची टिकली नखाने काढली आणि काचेतच बघून कपाळावर नीट बसवली.

चैत्राली बघतच राहिली. "मावशी! ती तुमची टिकली?"

"मग कोणाची? तोंड धुताना काढून ठेवते ना. घरी आरशाला लावते, तुमच्याकडे आरसा कुठाय?"

नूतनचा जीव भांड्यात पडला. ती मटकन स्टुलावर बसली, हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "आत्ताच्या आत्ता बांधून द्या मला ते. माझी आई आहे ती."

चैत्रालीने चित्र भिंतीवरून उतरवलं. अंजनीमावशी दोन पावलं पुढे आल्या, चित्रातल्या बाईकडे आणि मग नूतनकडे निरखून पाहिलं, आणि पदराच्या कोरड्या टोकाने काच पुसून दिली.

"बरं झालं ताई, आलात," त्या म्हणाल्या. "किती दिवस बसून होत्या बिचाऱ्या. घरी न्यायला कोण येतच नव्हतं."