बोलक्या माणसाची बायको

“आज जायला नको वाटतंय,” चपलेत पाय घालता घालता न्हावी थांबला.

बायकोने घाईने दार उघडून धरलं. दिवसभर ती शाळेच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. पालकांना उत्तरं देऊन देऊन तिचा जीव मेटाकुटीला यायचा. संध्याकाळी नवरा मित्रांकडे पत्ते खेळायला गेला, की मोठा दिवा बंद, कोमट पाण्यात पाय आणि तासभर कुणाशी चकार शब्द नाही. या एका तासाच्या जोरावर तिचा दुसरा दिवस निघायचा. तो तास ती सोडणार नव्हती.

“असं कसं? मंडळी खोळंबली असतील,” ती हसत म्हणाली. “तुमच्याशिवाय त्यांचा डाव रंगतो का?”

“तेही खरंच.” खोकत खोकत तो निघाला.

माणूस भारी बोलका. दुकानात कात्रीआधी त्याची जीभ चालायची. अशा माणसाच्या गळ्यात आपल्यासारखी मुखदुर्बळ बाई पडली, याची तिला फार खंत वाटे. म्हणून जेवताना ती शेजारपाजारच्या गोष्टी तिखटमीठ लावून त्याला सांगायची आणि मग थकून झोपायची.

तिने दिवा मालवला, पाय पाण्यात सोडले. पण आज काही केल्या मन थाऱ्यावर येईना. खोकणाऱ्या माणसाला आपण घराबाहेर काढलं. शेवटी पाय पुसून ती उठली आणि त्याचा मफलर घेतला. चार लोकांत जावं लागणार होतं. लागू दे.

पत्त्यांच्या खोलीत पाचसहा जण बसले होते. तिने नवऱ्याची चौकशी केली, तशी एकाने मान वर केली.

“तो? लग्न झाल्यापासून इकडे फिरकलेला नाही, वहिनी.”

म्हणजे इतकी वर्षं रोज हा जातो कुठे? आणि कुणाकडे? काय असेल ते आज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच, असं ठरवून ती तडक दुकानाकडे निघाली.

शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरली. आत अंधुक दिवा होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत नवरा एकटाच रेलला होता, डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवून. पावलं ऐकून त्याला शेजारच्या दुकानातला शिंपी आल्यासारखं वाटलं.

“शिंपीदादा, आमच्या घरी बोलू नका हं,” तो हळूच म्हणाला. “बायको माझी भारी बोलकी. तिचं मन मोडवत नाही. तासभर असा गप्प बसलो, तरच जेवताना तिच्या गप्पा ऐकायचं बळ येतं.”