घराला वळसा

"ही रेघ इथंच वाकडी का?" नर्सबाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकवलं.

निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या दिव्यांसाठी त्यांनी पालिकेचे उंबरे झिजवले होते. शेवटी वैतागून, यंदा आपल्या राहत्या वॉर्डातून आपणच निवडणुकीला उभं राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. आणि वॉर्डाच्या हद्दीच बदलल्या. नवी रेघ मोठ्या रस्त्यानं सरळ येत होती, त्यांच्या कोपऱ्यावरच्या घराला तेवढा वळसा घालत होती आणि पुन्हा रस्त्याला लागत होती. गल्ली जुन्या वॉर्डात, घर पलीकडच्या.

"नैसर्गिक हद्द पाहूनच आखतात, बाई," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले. "नदी, नाला, टेकडी."

"तिथं नाला नाही, टेकडी नाही. तिथं माझं घर आहे."

"हरकत नोंदवली. पुढचे कोण?"

जिन्यात जुन्या वॉर्डाचे नगरसेवक भेटले. त्यांच्या दोन्ही मुली नर्सबाईंच्या हातावर जन्मलेल्या.

"काकू, माझ्या हातात काय असतं?" ते हसले.

"बायकोला कळा येत होत्या तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होतात!"

घरी नवरा म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी. सोड आता. पलीकडं तुला कुत्रं ओळखत नाही."

नर्सबाईंनी भांडी अशी आदळली, की शेजारीण धावत आली. सगळं ऐकून ती हळहळली.

"अख्खी गल्ली तुम्हालाच मत देणार होती हो! मग आता आम्ही कुणाला द्यायचं, तेवढं सांगून ठेवा."

नर्सबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि नळ जोरात सोडला.

सकाळी त्या मोठा रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या. पहिल्याच दारात बनियनवर एक म्हातारा उभा होता.

"कोण आपण?"

"तुमच्याच वॉर्डातली. नवीन."

"मतं मागायला आलात ना? सगळे इथवरच येतात." त्यानं घरामागच्या बोळाकडं हात केला. "लोक राहतात तिकडं आत."

बोळभर घोट्याएवढं काळं पाणी तुंबलं होतं. वास नाकात जात होता. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. मग चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यात पाय घातला.