दोन खुर्च्यांची चौकट

गेलेल्या माणसाची जागा नजरेआड करावी की तशीच जपावी, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवावयाचा असतो.

निवृत्त छायाचित्रकार आपला जड कॅमेरा बदल्यात देऊन, चित्र टिपणारा सेन्सर छोटा असलेला हलका कॅमेरा घ्यावयास दुकानात आले.

"काय काका, मोठा आता उचलवत नाही वाटतं?" दुकानदार हसला. "हल्ली सगळे हाच नेतात. पण तुमची जुनी लेन्स यावर लावलीत, तर चित्राच्या कडा कापल्या जातील हं!"

"दर लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून फोटो काढतो. कॅमेरा पार भिंतीला टेकलेला असतो. यात किती येईल?"

"एकच खुर्ची मावेल. काकू रागावतील बरं!"

"काकू गेल्या. एकच खुर्ची यायला हवी आहे."

दुकानदाराचा चेहरा उतरला. तो हलकेच म्हणाला, "मग दुसरी खुर्ची बाजूला ठेवा ना, काका. एवढ्यासाठी इतका चांगला कॅमेरा कशाला देता?"

"कॅमेरा अजून उचलवतो रे," ते म्हणाले. "तिची खुर्ची उचलवत नाही."

त्या रित्या खुर्चीला आणि तिच्याशेजारी बसणाऱ्याला शांती लाभो.