सुई डोलली तेव्हा

थोरलीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि आमचे हे मूत्रपिंडातल्या खड्यापायी समोरच्याच वॉर्डात दाखल होते. गुरुवारी डॉक्टरीणबाई पाठीतून सुई घालून तो खडा काढणार होत्या.

आधीचे आठ दिवस त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत सराव केला. डुकराचं मूत्रपिंड धुवून, आत खडा सरकवून, कोंबडीच्या कातडीत गुंडाळून मी पुढ्यात ठेवायची. बाईंची सुई एकदाच जायची आणि नेमकी खड्याला टेकायची. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

"काकांचा खडा तुम्हाला अंगठीत बसवून देते, मावशी," त्या म्हणायच्या. "जिवंत माणसात सुई श्वासाबरोबर डोलते. इथं कुठली डोलायला."

बुधवारी ती डोलली.

"मावशी, टेबल हलवताय?"

"मी कशाला हलवू? मी इकडे हात धुतेय."

बाईंनी सुई सोडली, तरी ती डोलतच राहिली. सावकाश वर, मध्ये जरा अडखळून, मग झपकन खाली. पस्तीस वर्षं उशाशी ऐकलेला श्वास मी ओळखला.

मग ती वर गेली आणि तिथेच थांबली.

आमचे हे त्याच बुधवारी, सकाळी सव्वाअकराला गेले.