इंदूचा दिवा

केरबाने दुपारी तिसऱ्यांदा दिवा लावला आणि तो तिसऱ्यांदा विझला. बायकोने, इंदूने, जिथे प्राण सोडला तिथेच जमिनीवर तो दहा दिवस तेवत ठेवायचा होता. आज तिसराच दिवस होता. तेल भरपूर होतं, वाराही नव्हता.

“तिचा जीव कशात तरी अडकलाय,” त्याची थोरली बहीण हौसाक्का म्हणाली. “विचार की तिला काय हवंय ते. जिवंतपणी कधी विचारलंस?”

केरबाने काडी पेटवली. गुडघ्यापाशी ती नीट जळत होती. घोट्यापाशी नेली तशी विझली.

अठरा वर्षं तो पंपघरात होता. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू गावाखालच्या कातळात दाबून भरायचं काम. हा वायू जड असतो, खाली साचतो, हे त्याने गावाला कितीदा सांगितलं होतं. तो वर आलाच, तर तासाभरात गाव सोडायचं, असा नियम होता. म्हणजे इंदूची जागा सुटणार, दिवाही लावायचा राहणार.

पलीकडे सुतक म्हणून सून बाळाला घेऊन जमिनीवरच निजली होती. बाळ भराभर श्वास घेत होतं. केरबाने आधी त्याला खांद्यावर घेतलं, मग सुनेला दंड धरून उठवलं आणि पंपघराला फोन लावला.

संध्याकाळी सगळं गाव टेकडीवर बसलं होतं. बाळ रडून रडून शेवटी दूध प्यायलं.

“बघ,” हौसाक्का म्हणाली, “नातवासाठीच विझवत होती ती.”

केरबाने वायूचं काही समजावलं नाही.

“होय आक्का,” तो म्हणाला.