नॉर्मल क्रमांक चार

"ही चौथी पट्टी एवढी काळी कशी?" मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं.

तिला उत्तर माहीत होतं. तीन दिवसांपासून माहीत होतं. तरी ती वाकून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पट्टीकडे पाहू लागली. सहा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला हे सोंग काही जमलं नाही.

पडद्यावर बारा पट्ट्या होत्या, प्रत्येक एकेका माणसाच्या रक्ताची. डावीकडे चार निरोगी माणसांच्या. उजवीकडे आठ रुग्णांच्या, नवं औषध सुरू केल्यानंतरच्या. पेशीतला डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर एक बारीकशी रासायनिक खूण चिकटली की गुंडाळी सैल होते आणि तिथली गप्प बसलेली जनुकं कामाला लागतात. खूण पुसली की पुन्हा गप्प. रक्तात खुणा जितक्या जास्त, तितकी पट्टी काळी. हे औषध खुणा पुसणाऱ्याचेच हात बांधून ठेवायचं, म्हणून रुग्णांच्या पट्ट्या काळ्याभोर. निरोगी माणसांच्या फिकट असायला हव्यात. पहिल्या तीन होत्याही.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ती म्हणाली.

"मग एखाद्या रुग्णाची पट्टी फिकट दिसायला हवी होती. दाखव कुठली ती."

कुठलीच नव्हती. खोटं बोलायलासुद्धा डोकं ठिकाणावर लागतं.

"परत करून बघितलंस?"

"दोनदा. असंच येतंय."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "हे निरोगी माणसाचं रक्त नाही. कोणीतरी औषध घेतंय आणि आपल्यापासून लपवतंय. कोणाचं आहे हे नॉर्मल चार?"

रक्त गोळा केलं त्या दिवशी चौथा रक्तदाता आलाच नव्हता आणि नमुने दुपारच्या आत तपासायला लावायचे होते. अशा वेळी इथे कोणी अडून बसत नाही. बाही वर करायची, शेजारणीला सुई टोचायला सांगायची आणि नळीवर 'नॉर्मल' लिहायचं. संशोधनासाठी माणसं रक्ताचं पाणी करतात म्हणे; इथली माणसं ते सरळ नळीत भरून देतात. सगळेच देतात, म्हणून तिनंही दिलं. 'कुठलं औषध चालू आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिताना तिचा हात अडखळलाही नाही. नऊ वर्षं, इथे येण्याच्याही आधीपासून, ती हेच उत्तर देत आली होती.

"माझं," ती म्हणाली.

मॅडम वळल्या.

"मला फिट्सची गोळी चालू आहे. इथे कोणाला सांगितलं नाही. मशीनला हात लावू देणार नाहीत, असं वाटलं. ती गोळीही हेच करते, मॅडम. खुणा पुसू देत नाही. मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं."

"अगं वेडे." मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "एवढंच ना? मी काय तुला खाणार होते? चार नंबर काढून टाकू, दुसऱ्या कोणालातरी पकडून आणू. तोंड का एवढंसं झालंय तुझं?"

तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मला सातवा आठवडा आहे."

मॅडमनी माउस बाजूला सारला.

ती घाबरली होती. मन एकच हिशेब पुनःपुन्हा करत होतं. पोटातल्या बाळाचं कुठलं जनुक कधी उघडायचं, कधी मिटायचं याची वेळ ठरलेली असते. आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, गोळी घेत होती. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची नळी सहाव्या आठवड्याच्या आत मिटते; उघडी राहिली तर बाळात कायमचं व्यंग. म्हणजे ती मिटली होती, किंवा मिटली नव्हती. दंडातून काढलेलं रक्त इतकं काळं उमटलं होतं, आणि त्याच रक्तातलं औषध तिकडेही पोचत होतं.

"आज सकाळची घेतलीस?"

"घेतली. नाही घेतली तर फिट येईल. आणि फिट आली तर बाळालाच धोका. इकडे आड, तिकडे विहीर झालंय."

"घरी?"

"नवऱ्याला बाळाचं माहीत आहे. गोळीचंही माहीत आहे. दोन्ही मिळून काय होतं, ते माहीत नाही. तो पाळण्याचे रंग बघतोय."

मॅडमनी पडदा बंद केला. "फिट्सच्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी बजावलं होतं, मूल हवं असेल तर सहा महिने आधी या, गोळी बदलावी लागेल. हे आमचं ठरवून झालं नाही. आता कुठल्या तोंडानं फोन करू?"

"आहे त्याच तोंडानं. लाव. माझ्यासमोर लाव."

डॉक्टरांनी लगेच उचलला. तिनं नाव सांगितलं, गोळीचं नाव सांगितलं, आठवडे सांगितले. एकेक शब्द सुटा करून सांगितला. मॅडमनी तिचा दुसरा हात हातात घेतला.

"गोळी स्वतःहून बंद केली नाहीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"करूही नका. आज चार वाजता या."

"डॉक्टर, उशीर झालाय का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग खोलीचं दार लावून घेतल्याचा.

"येताना घरचं कोणीतरी बरोबर आणा," डॉक्टर म्हणाले. "एकट्या येऊ नका."