अदबीचं वाक्य

"कुड यू प्लीज टेल मी व्हेअर द गर्ल इज?" हवालदार टेंभरेंनी विचारलं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासात घोटलेलं अदबीचं वाक्य; आपल्या मराठीतल्या 'आहे'सारखंच 'इज' शेवटी.

सकाळपासून घरमालकिणीची मुलगी गायब होती, म्हणून तिच्या परदेशी भाडेकरूला चौकीत उचलून आणलं होतं. तो हात जोडून परक्या उच्चारांच्या इंग्रजीत भराभर सांगत सुटला. टेंभरेंना त्यातलं काहीच कळलं नाही. क्लासात नुसतं विचारायलाच शिकवलं होतं.

"काय म्हणतोय?" साहेबांनी पट्टा काढला.

सगळी चौकी टेंभरेंकडे बघत होती. "टाळतोय, साहेब."

पट्टा पाठीवर सपकन बसला. टेंभरेंनी पुन्हा तितक्याच अदबीनं विचारलं, तोही पुन्हा तेच कळवळून सांगत राहिला. मग काठी आली. ओठ फाटला, दात फरशीवर पडला.

तेवढ्यात घरमालकीण मुलीला घेऊन धावत आली. मुलीच्या हाताला प्लास्टर होतं. "मी जिन्यावरून पडले, या दादानंच दवाखान्यात नेलं! आईला सांगायलाच येत होता तो."

साहेबांनी काठी खाली ठेवली.

रक्ताळलेल्या तोंडानं तो टेंभरेंना हळू म्हणाला, "कुड यू प्लीज टेल मी व्हॉट माय मिस्टेक वॉज?"

या वेळी टेंभरेंना शब्द न् शब्द कळला.